रक्ताला डॉक्टर, ओलीला फडकं

मूळव्याधीचं रक्त पडलं की घरात कुजबूज सुरू होते. भांड्यात लाल थेंब दिसले की माणूस हादरतो, घरच्यांना सांगतो आणि आज ना उद्या दवाखान्याची पायरी चढतो. ठणका लागला तरी तेच. पण याच आजाराचं आणखी एक लक्षण आहे, त्याने कुणी हादरत नाही आणि कुणी कुणाला सांगतही नाही. शौचाच्या जागेतून बुळबुळीत शेम झिरपत राहते. चड्डीला, परकराला ओल लागते. खाज सुटते, रात्री अंथरुणात जास्तच. वास येत असेल या धास्तीने माणूस पंगतीत भिंतीकडेची जागा धरतो, कुणाच्या गाडीवर मागे बसायचं टाळतो, भजनाला गेला तर दाराजवळ टेकतो. रक्ताला डॉक्टर मिळतो. ओलीला जुन्या साडीचं फडकं मिळतं, आणि त्या फडक्यावर वर्षं निघतात.

सोलापुरात मूळव्याध इतर शहरांपेक्षा जास्त आहे, असं म्हणायला आधार नाही. हा आजार सगळीकडचा. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी आलेल्या ९७६ जणांपैकी ३९ टक्क्यांना मूळव्याध निघाली, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना तिचा काही त्रासच नव्हता. मात्र त्रास सुरू झाला की तो सांभाळणं सोलापुरात जड जातं, याला कारणं आहेत. उन्हाळा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा. पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड भरून ठेवायची सवय. बायकांची कामं बैठी: विडी वळणं, गणवेशांची शिलाई, मागासाठी कांड्या भरणं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, ही ओल आपल्या अस्वच्छतेची खूण आहे, असा प्रत्येकाने मनाशी करून घेतलेला समज.

तो समज आधी मोडायला हवा. मूळव्याधीतली ओल घाणीमुळे येत नाही. एक अवयव जागेवरून सरकला म्हणून ती येते.

गुदद्वाराच्या नळीत आतल्या बाजूला तीन मऊ गाद्या असतात. त्या रोग्यालाच असतात असं नाही, प्रत्येकाला असतात, जन्मापासून. बारीक रक्तवाहिन्या, स्नायूंचे धागे आणि वरून नाजूक ओलसर अस्तर अशी त्यांची घडण. नळाच्या वॉशरचं जे काम, तेच त्यांचं. बाहेरचा स्नायू नळी आवळून धरतो, उरलेली बारीक फट या गाद्या भरतात. एरवी नळी मिटून ठेवणाऱ्या दाबातला सुमारे १५ ते २० टक्के वाटा त्यांचा. मूळव्याध म्हणजे फुगलेल्या शिरा, या जुन्या समजुतीला डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९७५ मध्ये धक्का दिला आणि गाद्यांचा हा हिशेब मांडला. वर्षानुवर्षं कुंथून, बद्धकोष्ठाने, बाळंतपणाने या गाद्यांना धरून ठेवणारे धागे सैल होतात, तुटतात, आणि गादी खाली घसरते. लोक तिलाच मोड म्हणतात.

आता ओल कुठून येते ते बघू. गादीवरच्या अस्तराचं कामच शेम तयार करणं. ते आत असतं तोवर ही शेम मल सरकायला मदत करते आणि कुणाला तिचा पत्ताही लागत नाही. गादी बाहेर उतरली की अस्तरही बाहेर येतं, आणि ते बिचारं आपलं काम तिथेही चालू ठेवतं. फरक एवढाच की आता ती शेम कातडीवर उतरते. आतल्या अस्तराला ओलं राहायची सवय असते, कातडीला नसते. कातडी पांढुरकी पडते, सोलवटते, चुरचुरते, खाजते. त्यात वॉशर सरकलेला, त्यामुळे पातळ मलाचा अंशही अधूनमधून पाझरतो आणि डाग पिवळट-तपकिरी दिसतो. बाहेरच्या कातडीखाली गाठ आली असेल तर ती दुखते, टणक लागते, पण शेम सोडत नाही. तिच्यावर ते अस्तरच नसतं. म्हणजे चिकट ओल रोजची झाली असेल, तर आतलं काहीतरी बाहेर येत असण्याची शक्यता मोठी.

डॉक्टर याच्या चार पायऱ्या मोजतात. पहिलीत गादी सुजते, रक्त पडतं, बाहेर काही येत नाही. दुसरीत शौचाच्या वेळी मोड येतो आणि आपसूक आत जातो. तिसरीत बोटाने आत सारावा लागतो. चौथीत तो सारूनही आत राहत नाही. ओलीची तक्रार मुख्यतः तिसऱ्या-चौथ्या पायरीवरची, थोडीफार दुसरीतली. हे कळलं की घरगुती उपायांची मर्यादाही कळते. कातडी शांत ठेवता येते, मल मऊ ठेवता येतो, ओल टिपता येते. पण बाहेर लोंबणारी गादी पावडरीने आत जात नाही.

आणि लोक नेमकं उलटं करतात. ओल दिसली की घासतात. साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी, कुणी कडुनिंबाचा पाला उकळून, कुणी पोटॅशचं जांभळं पाणी. दिवसातून पाच-सहा वेळा. सोलवटलेल्या कातडीवर साबण गेला की आग होते, आग झाली की घाण राहिली असेल असं वाटतं, की पुन्हा धुणं. मग टॉवेल. ज्या गावचे टेरी टॉवेल जगभर जातात, त्या गावाला हे सांगणं जरा विचित्र आहे, पण या एका जागेला टॉवेल नको. साधं कोमट पाणी, तेही शौचानंतर आणि आंघोळीच्या वेळी. मग मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. मोड बाहेर आला असेल आणि सहज जात असेल तर धुतल्यावर बोटाला थोडं व्हॅसलिन लावून तो हळूच आत सारायचा. निम्मी ओल तिथेच थांबते, कारण शेम सोडणारं अस्तर पुन्हा आत गेलेलं असतं. कातडी कोरडी झाली की झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम पातळ लावलं, तर ओल आणि कातडी यांच्यात एक पडदा राहतो. दिवसभरासाठी कापसाची छोटी पट्टी किंवा जुन्या मऊ धोतराची घडी पुरते, ओली झाली की बदलायची. प्लॅस्टिकचा थर असलेलं पॅड दिवसभर ठेवलं तर उलट घाम आणि ओल दोन्ही कोंडतात, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये त्याचं काय होतं ते ज्याचं त्याला माहीत.

मलमांबद्दल एक इशारा. मेडिकलच्या काउंटरवर मूळव्याधीची म्हणून मिळणाऱ्या अनेक ट्यूबांत स्टिरॉइड असतं. आठवडाभर लावलं तर खाज बसते, बरं वाटतं. म्हणून लोक महिनोन्महिने लावतात. कातडी कागदासारखी पातळ होते, बुरशी धरते, आणि मग जी खाज सुटते तिला कुठली ट्यूब पुरत नाही.

दुसरी चूक याहून जुनी आहे. आपल्याकडे शौचावाटे शेम दिसली की निदान तयार असतं: आव पडतेय. जुलाब थांबवायच्या गोळ्यांचं, मेट्रोनिडाझोलचं पाकीट काढलं जातं. दोन दिवस तोंड कडू होतं, मळमळतं, आणि शेम होती तिथेच. आमांशात पोटात मुरडा येतो, पातळ होतं, वारंवार जावं लागतं, कधी ताप असतो. मोडाची शेम तशी नसते. पोट ठीक असतं, मल नेहमीचा असतो, ओल मात्र शौचाला न जाताही कपड्याला लागते. हा फरक दोन प्रश्नांत कळतो. पण ते प्रश्न विचारायला कुणीतरी विचारणारं आणि कुणीतरी सांगणारं लागतं, आणि काउंटरवर मागे चार गिऱ्हाइकं उभी असताना कोण सांगणार?

बायकांच्या बाबतीत घोळ आणखी एका पायरीने वाढतो. ओल पुढून आहे की मागून, हे कपड्यावरच्या डागावरून नेहमी कळत नाही. बाई सांगते, अंगावरून जातंय. तेवढंच सांगता येतं. त्याला गावात मान्यता आहे, त्यापुढचं बोलायला नाही. मग अंगावरून जाण्याच्या गोळ्या मिळतात, कमजोरी म्हणून लोहाच्या मिळतात. लोहाच्या गोळ्यांनी बऱ्याच जणींना शौचाला कडक होतं. कडक झालं की कुंथणं आलं, कुंथलं की मोड आणखी उतरतो.

सोलापूरच्या पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीच्या वसाहतीत हजारो बायका विडी वळतात. हे काम एकदा जवळून बघावं. मांडी घालून बसायचं, मांडीवर सूप. सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. साचा ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूट भरायची, बोटांत वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर. बाई उठली की हात थांबतो आणि हात थांबला की मजुरी थांबते. त्यामुळे शौचाची घाई आली तरी विड्यांचा हा कट्टा संपवून मग जाऊ असं होतं. पाणीही बेतानं पितात, म्हणजे उठावं लागत नाही. बैठ्या कामानेच मूळव्याध होते, असा पुरावा पक्का नाही. पण आलेली घाई रोज दाबली आणि पाणी कमी पडलं तर मल आतच वाळतो, आणि पुढचं सगळं ओघाने येतं, याबद्दल कुणाचं दुमत नाही. तिसऱ्या बाळंतपणानंतर मोड येतो म्हणणारी बाई आणि विडीच्या सुपावरून न उठणारी बाई बहुतेक वेळा एकच असते.

कारखान्यात संडास आणि मुताऱ्या असाव्यात, बायकांच्या वेगळ्या असाव्यात, ही तरतूद १९४८च्या कारखाने कायद्यापासून आहे. घरखेपेची कामगार त्या तरतुदीच्या बाहेर राहते, कारण तिचं घर हाच तिचा कारखाना. तिथे संडास सामायिक असेल, पिंपातलं पाणी मोजून वापरायचं असेल, तर तिसऱ्यांदा धुवायला जाताना सासू विचारते, किती वेळा जातेस? या आजारात नियमित धुणं आणि रोज कोरडा, स्वच्छ सुती कपडा हा उपचाराचा भाग आहे. पाणीपुरवठ्यावरच्या महापालिकेतल्या भाषणांत हा मुद्दा कधी येत नाही. यायला हवा.

खाण्याच्या बाबतीत मात्र सोलापूरचं नशीब चांगलं आहे, ते सोलापूरकर वाया घालवत नसतील तर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. मैद्यात जेमतेम पावणेतीन. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी, मेथी, शेपू, अंबाडी, मटकीची उसळ हे जेवण ज्या ताटात आहे, त्याला इसबगोलची गरज कमी. गरज पडतेच, तर रात्री एक-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी एक पेला पाणी. पाण्याविना घेतलेलं इसबगोल पोटात गोळा होऊन बसतं. कडक भाकरीचंही तसंच. दह्यात, आमटीत, ताकात कुस्करली तर उत्तम; नुसती कोरडी, वर शेंगाचटणी आणि घोटभर पाणी, असं केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आठवण राहते. चरकाने मूळव्याधीत ताकाची थोरवी गायली आहे, ती इथे व्यवहाराने पटते.

तंतूंचं खरं काम किती, हेही सांगायला हवं. सात चाचण्या आणि ३७८ रुग्ण एकत्र करून पाहिलेल्या आढाव्यात तंतुमय पूरक घेणाऱ्यांचं रक्तस्रावाचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. खाज आणि बाहेर येणारा मोड यांवर मात्र तसा खात्रीचा फायदा दिसला नाही. म्हणजे इसबगोलने रक्त थांबलं म्हणून ओल थांबेलच असं नाही. ओलीला त्याचा उपयोग वेगळ्या वाटेने होतो: मल बांधून येतो, एका झटक्यात सुटतो, मागे चिकट अंश राहत नाही, कुंथावं लागत नाही. जुलाब होईपर्यंत एरंडेल आणि चूर्णं घेणाऱ्यांची ओल वाढते ती याचमुळे.

आणि तिखट? सोलापुरात हा प्रश्न टाळून चालणार नाही. इटलीतल्या बारी शहरातल्या शल्यविशारदांनी २००६ मध्ये मूळव्याधीच्या ५० रुग्णांना एकदा मिरचीची कॅप्सूल, एकदा खोटी कॅप्सूल देऊन पाहिलं. त्रासात फरक पडला नाही. पण ती एकाच मात्रेची गोष्ट. नागपूरच्या डॉ. प्रवीण गुप्ता यांनी त्याच सुमारास वऱ्हाडी तिखटाच्या मुलखात अशा चाचण्या केल्या, त्या फिशर, म्हणजे गुदद्वाराला चीर, झालेल्यांवर आणि मूळव्याधीची शस्त्रक्रिया झालेल्यांवर. तिथे मिरचीने आग आणि दुखणं वाढलं. दोन्ही खरं मानायला हरकत नाही. तिखटाने मोड येत नाही. पण कातडी सोलवटलेली असेल तर शेंगाचटणी तिला कळते. बंद करायची गरज नाही, कातडी भरेपर्यंत आखडता हात घ्यावा, एवढंच.

आता फलकांकडे वळू. महाराष्ट्रातल्या कुठल्याही एसटी स्टँडभोवती फेरी मारली तर मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन, शंभर टक्के गॅरंटी असे फलक दिसतात. बऱ्याचदा वर बंगाली दवाखाना असं लिहिलेलं असतं. त्यांतले काही नोंदणीकृत वैद्य असतील, सगळ्यांना एका काठीने हाकू नये. पण नोंदणी नसलेल्याने वैद्यकी करणं हा राज्याच्या १९६१च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमाने गुन्हा आहे. औषध नियम, १९४५ यांना जोडलेल्या परिशिष्ट जे मध्ये, ज्या आजारांवर औषधाने बरं करण्याचा दावा करता येत नाही अशांची यादी आहे. मूळव्याध आणि भगंदर त्या यादीत आहेत. गॅरंटी देणारा फलक आणि ही यादी एकाच राज्यात सुखाने नांदतात. कसलं इंजेक्शन टोचलं हे न सांगता टोचलेल्या इंजेक्शनाने, कसला क्षार लावला हे न सांगता लावलेल्या क्षाराने जागा जळते, पिकते, भरताना आकसते. नंतर शौचाला पेन्सिलीएवढी वाट उरते. असे रुग्ण शल्यविशारदांना नवे नाहीत. मूळ मोड गेलेला असतो, पण स्नायूही दुखावलेला असतो, आणि मग जी ओल सुरू होते ती शेमेची नसते, मलाची असते. ती दुरुस्त करणं फार अवघड.

यात आयुर्वेदाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं कारण नाही. सुश्रुताने अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले आणि कुठला कुणाला याचा विचार केला. भगंदरावरच्या क्षारसूत्राची, म्हणजे क्षार लावलेल्या दोऱ्याची, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत चाचणी घेतली, ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि क्षारसूत्र तिच्यात उतरलं. सोलापुरात शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे. ज्याला क्षाराचाच मार्ग हवा, त्याने शिकलेल्या हाताकडे जावं, फलकाकडे नाही. दुसऱ्या टोकाला लेझरच्या जाहिराती आहेत, गुळगुळीत कागदावरच्या. लेझरने दुखणं कमी असतं हे खरं. मोठा मोड लेझरनंतर पुन्हा येण्याची शक्यता कापून काढण्यापेक्षा जास्त असते, हे त्या कागदावर नसतं.

चांगली बातमी अशी की मधल्या पायरीच्या मोडाच्या उपचाराला भूलही लागत नाही. रबराचं बारीक कडं मोडाच्या मुळाशी चढवतात. ती जागा आतलं अस्तर आणि बाहेरची कातडी जिथे मिळतात त्या दातेरी रेषेच्या वर असते, तिथे कातडीसारखी दुखऱ्या संवेदनेची जाळी नाही. दाब जाणवतो, दोन दिवस शौचाला लागल्यासारखं वाटतं. आठवड्याभरात बांधलेला भाग सुकून कड्यासकट पडतो, बहुतेकांना ते कळतही नाही. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास थोडं रक्त येऊ शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच डॉक्टरांना सांगायचं. ही पद्धत १९६३ पासून प्रचारात आहे. मोड मोठा, चौथ्या पायरीचा असेल तर शस्त्रक्रिया. तिची जी पद्धत आजही प्रमाण मानतात ती लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडली. पहिले दोन आठवडे दुखतं, खोटं कशाला सांगा. पण ज्यांनी दहा वर्षं फडकं वापरलं, त्यांची ओल थांबते.

या सगळ्याआधी एक गोष्ट व्हायला हवी आणि तीच होत नाही. बघणं. मूळव्याध आहे म्हणून रुग्ण सांगतो, मूळव्याध आहे म्हणून डॉक्टर लिहितो, मधे कुणी बघत नाही. हातमोजा घालून बोटाने तपासणं आणि प्रॉक्टोस्कोप नावाची बोटभर नळी घालून आत पाहणं, याला पाच मिनिटं पुरतात. रुग्ण लाजतो हे डॉक्टरांचं कारण. डॉक्टरांनी म्हटलंच नाही हे रुग्णाचं. हा सौदा दोघांच्या सोयीचा आहे आणि त्याची किंमत एकट्या रुग्णाकडून वसूल होते. कारण शेम फक्त मोडाची नसते. मोठ्या आतड्यात सूज असेल, गुदाशय उतरत असेल, आतड्यात मांसाची गाठ वाढत असेल, कर्करोग असेल, तरी शेम पडते, आणि गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटालाच लागतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ४७ होतं. म्हातारपणचा आजार म्हणून निर्धास्त राहावं, असं हे वय नाही. शेमेत रक्त मिसळलेलं असेल, शौचाची सवय महिन्या-दोन महिन्यांत बदलली असेल, पोट साफ झालंच नाही असं सतत वाटत असेल, वजन उतरत असेल, तपासणीत अंगातलं रक्त कमी निघालं असेल, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर मलमात दिवस घालवू नयेत. दुर्बिणीने आतडं तपासून घ्यावं.

लाजेच्या बाबतीत एक दाखला महात्मा गांधींचा आहे, आणि तो महाराष्ट्रात घडला. १९१८ मध्ये गुजरातेत त्यांना आमांशाने गाठलं. हवापालटासाठी ते माथेरानला आले. तिथलं पाणी जड. आमांशाने आधीच नाजूक झालेल्या जागेला चिरा पडल्या होत्या, शौचाच्या वेळी अशा वेदना होत की जेवायचीच धास्ती वाटे. आठवडाही पुरा न होता त्यांनी माथेरान सोडलं. मुंबईत शंकरलाल बँकर यांनी गळ घातली, डॉ. दलाल आले, आणि दूध घेतल्याशिवाय शरीर सावरणार नाही म्हणाले. गाई-म्हशीचं दूध न घेण्याचं व्रत आड आलं तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट काढली. अंगात थोडी ताकद आल्यावर डॉ. दलालांनी शस्त्रक्रिया केली. बापूंचं शेळीचं दूध शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. त्याचा धागा या दुखण्याशी जुळतो, हे कुणी सांगत नाही. स्वतः गांधीजींनी मात्र हे सगळं आत्मकथेत लिहिलं, जी नवजीवनमध्ये प्रकरणाप्रकरणाने छापून येत होती. देशभरच्या अनोळखी वाचकांना त्यांनी जे सांगितलं, ते सोलापुरातला माणूस बंद खोलीत डॉक्टरलाही सांगत नाही.

एकट्या रुग्णाला धीर देऊन हे बदलणार नाही, व्यवस्थेनेही दोन पावलं टाकावीत. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, त्याला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे, कामगार विमा रुग्णालय आहे. शल्यविभागाच्या ओपीडीत भर गर्दीत, तरुण पुरुष डॉक्टरांच्या आणि शिकाऊ मुलांच्या घोळक्यासमोर पन्नाशीची बाई कुशीवर वळून परकर वर करेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. आठवड्यातला एक दिवस, एक बंद खोली, एक पडदा, एक बाई डॉक्टर आणि एक परिचारिका जिला तेलुगूही येते, कारण पूर्व भागातल्या अनेक बायका अशी गोष्ट मराठीत सांगताना अडखळतात. प्रॉक्टोस्कोप महागडं यंत्र नाही. कडं चढवायचं हत्यारही नाही. बाळंतपणानंतरच्या तपासणीला आलेल्या प्रत्येकीला परिचारिकेने दोन प्रश्न विचारावेत: मागे काही बाहेर येतं का, कपडा ओला होतो का? आशाताई घरोघर जातात, त्यांच्या प्रश्नांतही हे दोन बसतील.

अन्न व औषध प्रशासन आणि महापालिकेचा आरोग्य विभाग यांना गॅरंटीचे फलक उतरवायला नवा कायदा लागत नाही, शिडी आणि दोन माणसं लागतात. विडी कारखानदारांनी आपल्या शाखांत, जिथे बायका विड्या जमा करायला रांगेत बसतात, तिथे पाण्याचा नळ असलेला एक संडास ठेवावा आणि त्याची किल्ली मुनीमजींच्या खिशात नसावी. आणि ती बायकांची ओपीडी ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी तिची वेळ विड्या जमा करायच्या वेळेवर येऊ नये. ही वेळ अधीक्षकांनी केबिनमध्ये बसून ठरवण्याऐवजी कुंभारीत आणि विडी घरकुलात जाऊन बायकांना विचारून ठरवावी.